आत्याबाईंची पेटी आणि मागच्या दारची तूर

बसवकल्याणातल्या आमच्या घरामागची बाग मी लावली, असं मी शाळेच्या स्टाफरूममध्ये छाती पुढे काढून सांगते. घरात मात्र हे वाक्य मोठ्याने बोलायची माझी टाप नाही. कारण घरात माझ्या सासूबाई असतात, आणि त्यांच्या मते मी त्या बागेत पहिलं काम केलं ते लावण्याचं नव्हे, उपटण्याचं. दुर्दैवाने ते खरं आहे.

मी गुलबर्ग्यात सरकारी क्वार्टर्समध्ये वाढले. तिथे आमच्या मालकीची हिरवळ म्हणजे खिडकीतली एक तुळस, तीही आई सांभाळायची. पुढे मी विज्ञान शिकले, हायस्कुलात विज्ञान शिकवायला लागले, फुलाचे भाग फळ्यावर रंगीत खडूने काढायला लागले आणि आपल्याला झाडांतलं कळतं असा माझा समज झाला. नवरा बँकेत. मुलगी आठवीत, म्हणजे तिला सगळ्यातलंच कळतं. गावाबाहेरच्या नव्या लेआउटमध्ये आमचं घर आणि घरामागे पंधरा पावलं लांब, आठ पावलं रुंद मुरमाड जागा. तिथे कपडे वाळत घालायची तार होती, एक फुटकी टाकी होती आणि फेकवत नाहीत म्हणून ठेवलेल्या दोन खुर्च्या.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते, आमच्याकडे तशीच पद्धत आहे. त्यांचं गाव दुबलगुंडीच्या पुढे. मामंजी गेल्यावर वावर त्यांनीच केलं. पेरणीपासून राशीपर्यंत, कुणाच्या तोंडाकडे न बघता. मग त्या उन्हाळ्यात गोठ्यात पाय घसरून पडल्या. दुपारी पडल्या आणि शेजारच्याला हाक ऐकू गेली ती दिवस मावळताना. तेवढा वेळ त्या शेणात पडून होत्या. सोलापूरला गुडघ्याचं ऑपरेशन झालं, वावर शेजारच्याच माणसाला निम्म्या वाट्याने कसायला दिलं आणि आम्ही त्यांना इकडे घेऊन आलो.

येताना त्यांच्याबरोबर एक पत्र्याची पेटी होती. कडी चांगली होती, तरी वरून सुतळीची दोरी आवळलेली. मी माझ्या कपाटातला मधला कप्पा रिकामा करून ठेवला होता, खाली नवा कागदसुद्धा अंथरला होता. आत्याबाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. पेटी बरी हाय." रोज सकाळी त्या कॉटखालची पेटी काठीने ओढायच्या, दोरी सोडायच्या, लुगडं काढायच्या आणि पुन्हा दोरी बांधायच्या. आपल्याच लेकाच्या घरात बाई धर्मशाळेत उतरल्यासारखी राहायला लागली की सुनेला काय वाटत असेल, ते ज्या सुना आहेत त्यांना सांगायला नको.

तिसऱ्या दिवशी चहा पिता पिता त्यांनी सांगूनच टाकलं, "येळवशीपतूर ऱ्हाते. येळवशीला वावरात गेले की मंग मी तिकडंच. तुमचं तुमी बघा."

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी आमच्या भागात घरं ओस आणि वावरं भरलेली असतात. ज्याला वावर नाही त्याला कुणाच्या ना कुणाच्या वावरात जेवायचं बोलावणं असतं. त्या दिवसाला आत्याबाई एकही वर्ष चुकल्या नव्हत्या, त्यामुळे त्यांना नेणार नाही म्हणायची सोय नव्हती. आणि नेलं की त्या परत येणार नव्हत्या. नवऱ्याचा चेहरा पडला. "माय, तिथं एकटी पडलीस तर?" त्यांनी चहाची बशी खाली ठेवली. "पडले तर उठीन. हितं बसून बसून मराया लागलेय ते बरं हाय का?"

माझं खरं सांगायचं तर पहिल्या महिन्यात मला हे ऐकून हलकं वाटलं होतं. येळवशीपर्यंतच ना, मग काढू दिवस, असं मी मनात म्हणाले. हे मी नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.

बागेची कल्पना नवऱ्याची. त्याला वाटलं, मायला काही उगवताना दिसलं तर तिचा जीव रमेल. त्याने गावाकडून आपल्याच वावरातली काळी माती ट्रॅक्टरभर आणवली आणि मुरमावर टाकली. मी बियांची रंगीत पाकिटं आणली. ब्रोकोली, लेट्यूस, छोटे टोमॅटो, गाजर. आलेखाच्या वहीवर वाफ्यांचा नकाशा काढला. आइस्क्रीमच्या काड्यांवर नावं लिहून त्या रांगेत रोवल्या. हातात रबरी मोजे आणि पायात बूट घालून मी पेरणी केली तेव्हा आत्याबाई मागच्या दारात खुर्चीवर बसून बघत होत्या. मग मुलीला म्हणाल्या, "तुझी माय आप्रेशन करायलीय व्हय ग?"

पावसाने त्या काळ्या मातीचा गोंद केला. मुलीची एक चप्पल आत गेली ती आजतागायत मिळालेली नाही. उघडीप पडली की तीच माती फरशीसारखी घट्ट होऊन भेगाळायची. ब्रोकोलीने डोकं वर काढलंच नाही. लेट्यूस दोन पानं दाखवून मेलं. पण बाकी सगळीकडे, माझ्या नकाशात नसलेल्या जागी, काहीबाही भराभर उगवायला लागलं. माझ्या आखलेल्या वाफ्यांवर हा उघड अतिक्रमणाचा प्रकार होता.

एका रविवारी नवरा आत्याबाईंना तपासणीसाठी सोलापूरला घेऊन गेला. मी म्हटलं, त्या येईपर्यंत बाग लख्ख करून ठेवू. सकाळपासून दुपारपर्यंत बसून मी एकूण एक तण मुळासकट उपटलं. गाजराच्या रांगेला तेवढा हात लावला नाही, कारण तिथे नाजूक कातरलेल्या पानांची सुंदर रोपं आली होती. त्यांना मी काड्यांचा आधारही दिला. कंबर मोडली, पण जागा अशी स्वच्छ झाली की मी फोनवर फोटो काढून ठेवले.

संध्याकाळी आत्याबाई काठी टेकत टेकत मागच्या दारी आल्या. मी कौतुकाची वाट बघत उभी. त्यांनी बाग बघितली, मग कोपऱ्यातला ढीग बघितला. खुर्ची ढिगाजवळ ओढायला लावली, बसल्या आणि काठीने एकेक रोप बाजूला करायला लागल्या.

"ही तूर. हा मूग. ही अंबाडी. ही चवळी हाय. ही पन तूर." मग काठी थांबली. "कामून उपटलीस?"

"तण होतं ना, आत्याबाई."

"तन न्हवं ते, मास्तरीनबाई. ते माझं वावर उगवलंतं."

मला कळायला क्षणभर वेळ लागला. मातीबरोबर तिच्यातलं बी आलं होतं. राशीच्या वेळी सांडलेलं, शेंगेतून तडकून पडलेलं, त्यांच्या हातचं. नवऱ्याने जे दाखवायला माती आणली होती ते उगवलं होतं आणि मी ते मोजे घालून उपटून टाकलं होतं. आत्याबाईंनी काठी माझ्या गाजरांकडे केली. "आन् हे गाजरगवत कामून ठिवलीस? त्याला काठ्या लावलीस ते?"

मुलगी मोठ्याने हसली. नवऱ्याने तोंड फिरवलं, पण त्याचे खांदे हलत होते. रस्त्याच्या कडेला कंबरेएवढं माजलेलं गाजरगवत मी शंभर पावलांवरून ओळखते; त्याचं चार पानांचं लेकरू कसं दिसतं ते मला कुणी कधी दाखवलं नव्हतं. पण आत्याबाई हसल्या नाहीत. त्या आत गेल्या आणि सकाळी चहालाही माझ्याशी बोलल्या नाहीत. मला आधी राग आला, मग रागाची लाज वाटली. नुसत्या रुसल्या असत्या तर मी निभावून नेलं असतं. त्या रात्री जेवल्या नाहीत, ते मला लागलं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्या आल्या, साडीसुद्धा न बदलता, मी तो ढीग चाळला. बहुतेक सगळं माना टाकून बसलं होतं. ढिगाच्या पोटात, ओल होती तिथे, तुरीची पाचेक रोपं अजून जिवंत वाटली. मोजे सापडेनात. तशीच हाताने माती उकरून मी ती लावत होते, तर वरून आवाज आला.

"खोल लाव. मूळ मुडपू नको."

आत्याबाई खिडकीत उभ्या होत्या. "चप्पल काढ आदी," त्या म्हणाल्या. "ज्या मातीत पेरायचं तिच्यात चप्पल घालून जात्यात व्हय?"

मी चप्पल काढली. पाच रोपांतली तीन जगली.

तिथून पुढे आमची कामाची एक रीत ठरून गेली. त्या खुर्चीत, मी मातीत. त्यांना वाकता येत नव्हतं, मला काही येत नव्हतं. त्या काठीने दाखवायच्या आणि मी करायची. काळ्या मातीत त्यांनी मला खालचा मुरूम आणि चुलीची राख मिसळायला लावली, तेव्हा कुठे ती माती माणसात आली. पट्टीने अंतर मोजायला लागले की म्हणायच्या, "वीत कशाला दिलीय देवानं?" पाकिटं त्यांनी मुलीच्या हस्तकलेसाठी देऊन टाकली. मग एका सकाळी त्यांनी पेटीची दोरी सोडली आणि लुगड्यांच्या घडीखालून जुन्या धडप्याच्या पुरचुंड्या काढल्या. वांगी, मेथी, वाल, दोडका. प्रत्येक पुरचुंडीत राखेत घोळलेलं बी. घरी पाहुणी म्हणून आलेली बाई पेटीत बी घेऊन आली होती, हे मला तेव्हा कळलं. गावाकडे गेल्यावर पेरायला आणलं असेल, असा मी अर्थ लावला.

भाद्रपदापर्यंत बागेने घराचा ताबा घेतला. वॉशिंग मशीनचं पाणी कुठल्या वाफ्याला चालेल आणि कुठल्याला नाही यावर नवरा आणि मुलगी भांडायला लागले. नळाला पाणी चार दिवसांनी यायचं, तेव्हा आधी वांगी आणि मग माणसं. मेथीचं नाव काढलं की नाक मुरडणारी माझी मुलगी मेथी कोवळी आहे की निबर यावर वर्गातल्या मैत्रिणींना भाषण द्यायला लागली. शेजारच्या कन्नड अक्कांची शेळी एकदा आत शिरली, तर खुर्चीतून उठायला दोन मिनिटं लागणाऱ्या आत्याबाई काठी घेऊन अशा धावल्या की सोलापूरच्या डॉक्टरांनी बघितलं असतं तर त्यांना स्वतःचा अभिमान वाटला असता. त्याच अक्कांशी मग त्यांची मैत्री झाली. भिंतीवरून अंबाडीची जुडी जायची आणि तिकडून पुंडी पल्ल्या होऊन वाटीत परत यायची, कारण भाजी तीच, नाव फक्त कन्नड.

मी मात्र दिवस मोजायला लागले होते आणि आता ते उलटे मोजत होते. दसरा गेला, दिवाळी गेली. शाळेतून आल्यावर सायकल लावायच्या आधी मी मागच्या दारी जायला लागले, कारण तिथे खुर्ची असायची, खुर्चीत आत्याबाई असायच्या आणि "आलीस? बघ, दोडक्याला फूल आलंय" असं कुणीतरी मला सांगायचं. आयुष्यात इतक्या आतुरतेने माझी वाट क्वचितच कुणी बघितली असेल. एकदा भिंतीपलीकडून अक्कांनी कन्नडमध्ये विचारलेलं मी ऐकलं, "तुम्ही गेल्यावर हे सगळं कोण बघणार?" मी तारेवरचे कपडे काढता काढता तिथेच थांबले. आत्याबाई म्हणाल्या, "तुमची शेळी बांधा म्हंजे झालं," आणि विषय संपला. कॉटखालच्या पेटीला दोरी होतीच.

येळवशीच्या आदल्या दिवशी त्यांनी मला बागेत उतरवलं. येळवशीची भज्जी म्हणजे वावरात जे जे असेल ते सगळं एकत्र शिजवायचं. वाल, हरभरा, तूर, मेथी, कांद्याची पात, चिंच. "या वर्साला भज्जीत हितलं बी पडू दे," त्या म्हणाल्या. मी वाल तोडला, मेथी उपटली, यावेळी परवानगी घेऊन. शेवटी त्या तीन तुरींच्या शेंगा. दोन मुठी भरल्या. आत्याबाईंनी त्या पदराच्या टोकाला वेगळ्या बांधल्या.

सकाळी मी स्वयंपाकघरात आंबिलीचं मडकं आणि बाजरीच्या उंड्यांचा डबा बांधत होते, तेव्हा नवऱ्याने पेटी उचलून गाडीच्या डिकीत ठेवली. तो आत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. "किती हलकी हाय ग," तो म्हणाला. "एवढंच हाय मायचं." मी त्याला डबा धरायला दिला.

वावरात वाटेकऱ्याने कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, उभी केली होती. आत पांडव म्हणून मांडलेले पाच दगड, त्यांना चुन्याचे पट्टे. हरभरा घाट्याला आला होता आणि ज्वारी पोटरीत. आत्याबाईंनी पूजा केली, पदराची गाठ सोडली आणि बागेतल्या तुरीच्या शेंगा दगडांपुढे ठेवल्या. "वावराचं वावराला," असं काहीतरी पुटपुटल्या. मी ते निरोपाचं बोलणं समजले. नवरा मडकं घेऊन बांधाबांधाने आंबील शिंपडत फिरला, त्याच्यामागे मुलगी ओरडत, तिच्यामागे वाटेकऱ्याची पोरं. आम्ही कोपीच्या सावलीत जेवलो. भज्जी उत्तम झाली होती आणि मी माझी वाटी मुलीच्या ताटात ओतली.

उन्हं कलली तसा नवऱ्याने मुकाट्याने डिकी उघडली, पेटी खांद्यावर घेतली आणि गावातल्या घराच्या वाटेला लागला.

"ती कुटं न्यायलास?" आत्याबाई ओरडल्या.

"घरी ठिवतो की, माय."

"घरात कशाला? तितं आता कडबा ऱ्हायचाय." आणि वाटेकऱ्याकडे वळून, "चावी तुज्यापाशीच ठिव. पावसाआदी कौलं तेवडी बघ." मग पुन्हा नवऱ्याला, "हिकडं आन ती. उकिरड्याकडं."

नवऱ्याने पेटी उकिरड्यापाशी आणून टेकवली. आत्याबाईंनी स्वतः दोरी सोडली, झाकण उघडलं. आत एक जुनं वर्तमानपत्र अंथरलेलं, बाकी पेटी रिकामी.

"भर," त्या म्हणाल्या. "दोन वर्साचं कुजलेलं हाय खालच्या अंगाला. वरचं घेऊ नको. तुमच्या त्या मुरमाला दम न्हाई, वांगी नुसती पानाला चाललीत."

मुलीला आधी समजलं. ती किंचाळून आज्जीच्या गळ्यात पडली, तशी आत्याबाई म्हणाल्या, "अग गुडगा, गुडगा!" नवऱ्याने सणाच्या शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि फावडं घेतलं. मी उकिरड्याच्या कडेला उभी राहून हसत होते आणि रडत होते, दोन्हीची लाज न बाळगता. हप्त्याने घेतलेल्या, आत चप्पलसुद्धा झटकून बसायला लागणाऱ्या आमच्या गाडीत काठोकाठ शेणखत भरलेली पेटी चढली. परतीच्या वाटेवर चारही काचा उघड्या होत्या आणि नवरा बसवकल्याण येईपर्यंत शीळ घालत होता.

घरी पोचलो तेव्हा अजून उजेड होता. बापलेक पेटी ओढत मागच्या दारी गेले. मी जुनी साडी काढायला कपाट उघडलं. मधल्या कप्प्यात, मी उन्हाळ्यात अंथरलेल्या कागदावर, आत्याबाईंची पाच लुगडी होती. घडीवर घडी, वर मिसरीची डबी आणि डबीखाली बियांच्या उरलेल्या पुरचुंड्या. सकाळी मी डबे बांधत असताना त्यांनी लावली असणार. एका बाजूला बोटभर जागा सोडली होती, मी मधल्या काळात तिथे ठेवलेल्या माझ्या साड्या चुरगळू नयेत म्हणून.

मी त्या लुगड्यांवर हात ठेवून किती वेळ उभी होते कुणास ठाऊक.

"मास्तरीनबाई!" मागच्या दारातून हाक आली. "कपाटात काय बघायलीस? अंधार पडायच्या आत खत घालाया पायजे. ये लौकर!"

"आले, आत्याबाई," मी म्हणाले. साडी बदलायची राहिली. चप्पल दाराशी काढली आणि मी मातीत उतरले.